‘एस’ गेला कुठं?

‘ही’, ‘शी’, ‘इट’ आलं की क्रियापदाला ‘एस’ नाहीतर ‘इएस’. कळंबच्या सातवी-आठवीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी हा नियम तो घडाघडा म्हणेल. रिकाम्या जागेत ‘गो’ की ‘गोज’ असं विचारलं, तर बरोबर पर्यायावर खूणही करेल. त्याच वहीत दोन पानं सोडून वडिलांवर पाच ओळी लिहायला सांगितल्या की लिहील, ‘माय फादर गो टू फार्म एव्हरी डे.’ बाबा रोज शेतात जातात, ‘एस’ मात्र घरीच राहतो.

या ओळी लिहिणारा मास्तर कळंबमध्ये इंग्रजीची शिकवणी घेतो. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर येणारं हे तालुक्याचं गाव. संध्याकाळी मराठी शाळेतली पोरं-पोरी येतात, त्यांच्यानंतर अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करणारे मोठे. वयात दहा वर्षांचं अंतर, चुका त्याच.

पालकांना हा निष्काळजीपणा वाटतो. ‘लक्ष नाही त्याचं’ हे वाक्य मास्तरनं इतक्यांदा ऐकलंय की आता तो त्याला उत्तर देत नाही. पण मामला लक्षाचा नाही. 1974 साली हेडी ड्यूले आणि मरीना बर्ट या दोघींनी अमेरिकेत राहून इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांचं बोलणं तपासलं. काहींच्या घरची भाषा चिनी, काहींच्या घरची स्पॅनिश. दोन्ही भाषांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी इंग्रजीचे तुकडे मुलांच्या तोंडी जवळजवळ एकाच क्रमानं बसले होते. ‘-इंग’ लवकर आलेलं, आणि हा तृतीय पुरुषी ‘एस’ पार मागे राहिलेला. या क्रमावर पुढे बरेच वाद झाले. पण ‘एस’ उशिरा येतो हे कोणत्याही मास्तरला वह्या तपासताना दिसतंच.

उशिरा येतो, कारण तो काही सांगत नाही. ‘माय फादर’ म्हटल्यावर माणूस एक आहे आणि तो ‘मी’ नव्हे, हे कळून चुकलेलं असतं. ‘एस’ गळला तरी अर्थ जागच्या जागी.

चिनी मुलाला तर क्रियापद बदलतं हेच नवीन. त्याच्या भाषेत मी, तू, तो, काल, उद्या, सगळ्यांना क्रियापदाचं एकच रूप पुरतं. तो आणि ती हे दोन्ही बोलताना ‘ता’च, म्हणून चांगलं इंग्रजी येणारा चिनी माणूसही बोलण्याच्या ओघात बायकोला ‘ही’ म्हणून जातो. कळंबच्या पोराचं तसं नाही. मराठीत क्रियापद सतत रूप पालटतं. वऱ्हाडीत कोणी म्हणेल ‘माहा भाऊ वावरात जाते’, शाळेच्या मराठीत म्हणेल ‘माझा भाऊ शेतात जातो’. पण ‘माहा भाऊ वावरात जाऊ’ असं कोणी म्हटलं, तर बालवाडीतलं पोरगंही खो खो हसेल. त्याला कोणी नियम सांगितलेला नसतो. चूक त्याच्या कानाला टोचते.

इंग्रजीत तो कानच तयार झालेला नसतो, आणि खरं काम तिथंच आहे.

आता कोणी म्हणेल, इंग्रजी कानावर पडत नाही का कळंबमध्ये? पडतं की. रिचार्ज, मोटर, डीपी, कनेक्शन, स्टँड, लोन, कास्ट सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी. बाजारपेठेतून एक चक्कर मारली तर शे-दोनशे इंग्रजी शब्द सहज कानावर येतात. त्यात क्रियापदाची पूर्ण वाक्यं किती? जवळपास एकही नाही. पोरांकडे शब्द पोतंभर आहेत, वाक्य नाही. आणि ‘एस’, ‘द’, ‘हॅज’ ही सगळी मंडळी वाक्यातच राहतात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीत बसलेल्या मुलाची या भाषेशी दहा वर्षांची ओळख. त्याच्या कृतिपत्रिकेत लेखी 80 गुण आणि उरलेले 20 तोंडी वगैरे. लेखीत शब्द वर्णानुक्रमे लावा, शब्दसाखळी पूर्ण करा, मधल्या वर्तुळाशी जुळणारे चार शब्द भोवती भरा, असे प्रश्न असतात. त्यांत वाईट काही नाही. गंमत एवढीच, की उताऱ्यातून उत्तराचा तुकडा हुडकून उतरवता आला की सलग पान न वाचताही पोरगा पास होऊ शकतो. हुडकणं पोरांना उत्तम येतं. वाचणं राहून जातं.

वाचन आधी, हे म्हणणारा माणूस आपल्याच उपखंडात होऊन गेला. मायकल वेस्ट हा इंग्रज ढाक्याला शिक्षकांना शिकवत असे. 1926 साली त्यानं बंगालमधल्या दोन भाषांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की इथल्या मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त, तेव्हा त्याला मोजक्या शब्दांची सोपी वाचनपुस्तकं द्या आणि भरपूर वाचू द्या. 1953 मध्ये त्याची सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादीही आली. ढाका आणि कळंब यांत शंभर वर्षं गेली, पण तोडगा अजून चालतो. मास्तर दहावीच्या पोराच्या हाती बालभारतीचं सहावीचं इंग्रजी पुस्तक देतो. पोराचा चेहरा पडतो. हे तर झालं सर, म्हणतो. झालेलंच हवं असतं. अर्थासाठी अडायचं नसलं की डोळा वाक्याच्या बांधणीवर जातो. रोज एक पान, मोठ्यानं, उभं राहून. मध्ये अर्थ विचारायचा नाही, उच्चारावरून टोकायचं नाही. पुस्तकात इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून ठेवायची सवय बहुतेकांना असते, ती मास्तर मोडत नाही. पुष्कळ शिक्षक मोडतात. ‘इज्लंड’ म्हणण्यापेक्षा वर ‘आयलंड’ लिहिलेलं काय वाईट?

लिहायला विषय गावातला. ‘माझा आवडता नेता’ गाईडातून उतरतो, चिंतामणी गाईडात सापडत नाही. कळंबचा चिंतामणी विदर्भाच्या अष्टविनायकांतला, देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं, आत कुंड. गौतम ऋषींच्या शापातून इंद्र इथं मोकळा झाला, अशी आख्यायिका. गावातल्या प्रत्येक पोराकडे यावर सांगायला पाच वाक्यं आहेत आणि ती त्याची स्वतःची आहेत.

एका पोरीनं लिहिलं, ‘चिंतामणी टेम्पल इज इन चक्रवती रिव्हर.’ देऊळ नदीत बुडालं. ‘इन’च्या जागी ‘ऑन द बँक ऑफ’ आलं, तर पोरं बँकेचं नाव ऐकून खुसखुसली. मग ‘द’चा झगडा. टेम्पलच्या आधी ‘द’, रिव्हरच्या आधी ‘द’, कळंबच्या आधी नाही. मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘सर, देवाले ‘द’ नाही, अन् देवळाले काहून?’

प्रश्न पहिल्या दर्जाचा आहे. देवाचं नाव नुसतं नाव आहे, तिथं ‘द’ लागत नाही. देऊळ ही वस्तू, आणि ती अमुक एकच, म्हणून ‘द’. इथवर ठीक. पण गावाला नुसतं नाव पुरतं आणि नदीला पुरत नाही, याला कळंबमध्ये पटेल असं कारण मास्तरकडे नाही. ‘द’ मराठीत नाही, चिनीतही नाही. या एका जागी आपली पोरं आणि शांघायची पोरं एकाच बाकावर. नद्यांची नावं पन्नासदा ‘द’सकट वाचली, की एक दिवस ‘द’ नसलेली नदी उघडी वाटते. त्याहून जवळची वाट मास्तरला माहीत नाही.

काळाचं असंच. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. त्यावर निम्म्या वर्गानं लिहिलं, ‘द ट्रेन हॅज स्टार्टेड इन 2024.’ मराठीत ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे बिनचूक वाक्य आहे. इंग्रजीत काल किंवा 2024 असा गेलेला काळ नाव घेऊन आला, की ‘हॅज’ला जागा सोडावी लागते. हे फळ्यावर दोन मिनिटांत कळतं आणि वहीत सहा महिन्यांनी उतरतं.

अभ्यासिकेतल्या मोठ्यांचं दुखणंही याच जातीचं. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते. तेव्हा चूक ओळखा, योग्य शब्दयोगी निवडा, यात ही मंडळी तयार. रेन अँड मार्टिनची पानं तोंडपाठ. (यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि ‘ब्यू जेस्ट’ ही 1924 ची गाजलेली साहसकथा त्याचीच, हे सांगितलं की पोरांचा विश्वास बसत नाही.) पण यांनाच स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायला सांगा. पेन थांबतं. चार पर्यायांतून चूक पकडणं हा एक धंदा आणि कोऱ्या कागदावर वाक्य उभं करणं हा दुसरा. पहिला आला म्हणून दुसरा येत नाही, हे त्यांना मुलाखतीच्या अर्जापाशी कळतं.

वाचायचं काय, तर घरात येईल ते. कपाशीच्या दिवसांत मास्तर पोरांना फवारणीच्या औषधाच्या डब्यासोबतचा कागद आणायला सांगतो. डबा नाही, फक्त कागद. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. इथं हा विषय पुस्तकी नाही. घडीचा कागद, मुंगीएवढी अक्षरं, बऱ्याच भाषा, त्यात मराठीही असते. डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण सगळ्यांनी पाहिलेला असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. हा क्रम मात्र फार थोड्यांना सांगता येतो. मग इंग्रजी मजकूर वाचायचा. पहिली ओळख आज्ञार्थाची : वाक्य थेट क्रियापदानं सुरू होतं, कर्ता गायब. ‘डू नॉट’नं सुरू होणारी वाक्यं मोजायची. त्यानंतर कर्मणी : रिकामे डबे नष्ट केले जावेत, पण कोणी करावेत ते लिहिलेलं नाही. नववीतल्या एका पोरानं शेजारचा मराठी मजकूर ताडून पाहिला आणि म्हणाला, ‘सर, यापरीस इंग्रजीच सोपी हाय.’ खोटं नव्हतं. ‘प्रत्युपाय’, ‘श्वसनमार्ग’, ‘अभिलक्षणे’ असल्या मराठीपुढे ‘वॉश’ आणि ‘वेअर’ बिचारे गरीब.

एका ठिकाणी मास्तरचा हातखंडा चालत नाही. कळंब तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. पोडावरच्या पोराच्या घरात कोलामी. ती द्राविडी कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. तांड्यावर गोरबोली. त्या पोराला शाळेतली मराठीच कधीकाळी परकी होती, हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. ‘भाऊ जाऊ’वर सगळा वर्ग हसतो तेव्हा ते पोर इतरांकडे बघून हसतं. त्याच्या कानाला टोचणारी चूक त्याच्या भाषेतली हवी, आणि मास्तरला कोलामी येत नाही. अशा वेळी मास्तर त्यालाच विचारतो, तुमच्यात ‘तो जातो’, ‘मी जातो’ कसं म्हणतात? उत्तर मिळतं, फळ्यावर लिहिलं जातं, वर्ग ते उच्चारून बघतो. त्या पाच मिनिटांपुरतं ते पोर मास्तर असतं.

पालकांना यातलं फारसं नको असतं. त्यांना हवं असतं फाडफाड बोलणं. ‘बोलते कधी थो?’ हा त्यांचा एकच सवाल. चीनमध्ये ली यांग नावाच्या माणसानं या भुकेवर मोठा व्यवसाय उभा केला. मैदानं भरून लोक त्याच्यामागे इंग्रजी वाक्यं ओरडत. बुजरेपणा जातो, हे मान्य. पण ओरडलेली वाक्यं दुसऱ्याची असतात. त्यापेक्षा शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये लोक जमून मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपापसांत बोलतात, ते मास्तरला जास्त भावतं. कळंबमध्ये तसं करून बघावं म्हटलं तर पोरं एकमेकांना हसतात आणि दहाव्या मिनिटाला गप्पा वऱ्हाडीत.

मास्तरचा भर म्हणून एका जुन्या खटाटोपावर आहे. आजकाल भाषांतरानं भाषा शिकवणं मागासलेलं मानतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, हे विसरून. अर्थात एका बाजूचं भाषांतर पुरत नाही. कृतिपत्रिकेत इंग्रजीतून मराठीत आणायचं असतं आणि तिथंच ते संपतं. रॉजर अ‍ॅशम हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक. त्याच्या मृत्यूनंतर 1570 मध्ये छापलेल्या पुस्तकात लॅटिनसाठी सांगितलेली पद्धत अशी : उतारा आपल्या भाषेत आणा, मूळ बाजूला ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग आपल्याच भाषांतरावरून पुन्हा मूळ भाषेत जा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कळंबमध्ये हे सोमवार-मंगळवारी चालतं. सोमवारी सहावीच्या पुस्तकातल्या आठ ओळी मराठीत. मंगळवारी पुस्तक दप्तरात, मराठीवरून परत इंग्रजी.

मग तपासणी, लाल पेनानं स्वतःचीच. कुणाचे दोन ‘द’ गळालेले, कुणाच्या ‘अ‍ॅट’चा ‘इन’ झालेला, ‘एस’ नेहमीप्रमाणे फरार. पण गोची होते ती तिसऱ्याच ठिकाणी. पुस्तकात असतं ‘शी वॉज व्हेरी हॅपी’, पोरीनं लिहिलेलं असतं ‘शी फेल्ट सो हॅपी’. पुस्तकाशी जुळत नाही, पण चूक कुठाय? अर्धा वर्ग म्हणतो चूक धरा, अर्धा म्हणतो नका धरू. मास्तर धरत नाही. त्यावर पुढचे तिघं उठतात, आपापली वही घेऊन : मग सर, माझं पण बघा. एकेक वाक्य वाचायचं, कुठलं चालतं, कुठलं नाही, का नाही. यात अर्धा तास जातो आणि त्या दिवशीची शब्दसाखळी राहून जाते.