अर्धी गोळी

वाचकहो, रक्तदाबाविषयी आपण आजवर पुष्कळ वाचले असेल. मीठ कमी करा, रोज चाला, औषध चुकवू नका, हे सारे आपल्याला पाठ आहे. गेली सत्तावीस वर्षे माझ्या दवाखान्यात मीही तेच सांगत आले आहे. आज मात्र मी आपल्याला एका कादंबरीची हकीकत सांगणार आहे. ती बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली आहे, तिचा विषय बास्केटबॉल आहे, आणि तिने माझ्याच घरातील एक लपलेली गोष्ट उजेडात आणली.

गेल्या मे महिन्यात मी न्यू जर्सीला माझ्या धाकट्या भावाकडे गेले होते. आमची आई डिसेंबरपासून त्याच्याकडेच राहत होती. भावाचा मुलगा सातवीत शिकतो. त्याच्या वर्गाने त्या सत्रात क्वामे अलेक्झांडर या लेखकाची ‘द क्रॉसओव्हर’ ही कादंबरी वाचली होती, आणि मुले तिच्याविषयी काय बोलतात हे ऐकण्यासाठी एका संध्याकाळी पालकांना बोलावले होते. भावाला कामावरून निघता येईना, म्हणून मी गेले. आदल्या दोन रात्री जागून पुस्तक वाचून काढले.

ही कादंबरी 2014 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. ती संपूर्ण कवितांमध्ये लिहिलेली आहे. जॉश आणि जॉर्डन हे जुळे भाऊ शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतात. त्यांचे वडील एके काळचे नामवंत व्यावसायिक खेळाडू. मुलांवर जीव टाकणारे, हसरे, रुबाबदार. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, पण डॉक्टरांचे नाव काढलेले त्यांना खपत नाही. आई परोपरीने विनवते. मुलांच्या कानावर या गोष्टी पडतात त्या आईवडिलांच्या वादातून. एके दिवशी मुलाबरोबर खेळता खेळता वडील कोसळतात, आणि अखेर हृदयविकाराने जातात. हे कुटुंब आफ्रिकन-अमेरिकन आहे. त्या समाजात उच्च रक्तदाब पुष्कळ जणांना आणि लवकर होतो. आपणा भारतीयांनाही हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

वर्गात मुले एकेक करून बोलू लागली. शाळेच्या संघात खेळणारा एक उंच मुलगा म्हणाला, की आपण एरवी पुस्तकाला हात लावत नाही, पण यातले शब्द चेंडूसारखे उसळतात, म्हणून ते दोन दिवसांत संपवले. एक मुलगी वडिलांवरच रागावली होती. त्यांचे स्वतःचे वडील हृदयविकाराने गेले होते, मग हे डॉक्टरांकडे का जात नव्हते, हा तिचा सवाल. तिच्या शेजारची मुलगी हळू आवाजात म्हणाली, “ते हट्टी नव्हते, घाबरले होते.” हे वाक्य मी कितीतरी वर्षे शोधत होते. तपासणी टाळणारे, अहवाल पाहून हसणारे किती पुरुष माझ्यासमोर येऊन गेले, आणि मी त्यांना बेफिकीर समजत राहिले.

एका मुलाने शेवटची काही पाने वाचलीच नव्हती. त्याचे आजोबा त्याच हिवाळ्यात गेले होते. शिक्षिकेने त्याला काहीही विचारले नाही.

मग माझा भाचा उभा राहिला. त्याने कथेविषयी मत मांडलेच नाही. एक प्रश्न विचारला. “घरातलं मोठं माणूस आजारी आहे, हे मुलाला माहीत असेल, आणि कुणाला सांगू नकोस असं त्याला बजावलेलं असेल, तर त्यानं काय करायचं?” वर्गात थोडा वेळ शांतता पसरली. शिक्षिका म्हणाल्या, की असे गुपित मुलाने एकट्याने सांभाळायचे नसते, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे असते.

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाला, “आत्या, आजी रोज गोळी अर्धी तोडते. बाबांना सांगू नकोस म्हणाली होती.”

आईच्या दोन्ही गोळ्या मीच लिहून दिलेल्या. परदेशी जाताना साधारण तीन महिन्यांची औषधे सोबत न्यायची, तशी तिने नेली. मुक्काम मात्र सहा महिन्यांचा. तिथल्या डॉक्टरांची फी, औषधांच्या किमती, आणि पाहुण्यांच्या विम्यात जुने आजार सहसा बसत नाहीत हे सारे तिने ऐकले होते. मुलाला भुर्दंड नको, म्हणून फेब्रुवारीपासून ती गोळ्या अर्ध्या करून पुरवत होती. नातवाने एकदा पाहिले, तेव्हा त्याला शपथ घातली.

रात्री मी तिचा रक्तदाब मोजला. 176 आणि 98. “आई, तुला काहीच त्रास होत नव्हता?” मी विचारले. “अगं, काही नाही. छान वाटतंय मला,” ती म्हणाली. ती खरेच बोलत होती. रक्तदाब वाढला म्हणजे डोके दुखेल, चक्कर येईल, असा आपला समज असतो. बहुतेकांना काहीही जाणवत नाही, आणि तोवर हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांवरचा ताण चालूच राहतो.

पण दोष एकट्या तिचा कसा म्हणू? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी विचारत असे, “गोळ्या घेतेस ना?” ती म्हणे, “घेते.” त्यात खोटे काहीच नव्हते. डॉक्टर असून मला “किती उरल्या?” हे विचारायचे सुचले नाही.

दुसऱ्याच दिवशी भावाने तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दिलेली औषधे तिला वाटली होती तितकी महागही नव्हती. तीन आठवड्यांत रक्तदाब 140च्या खाली आला. आई दोन दिवस नातवावर रुसली. तिसऱ्या दिवशी तिने त्याला यंत्र हाती घ्यायला सांगितले. पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही, हे त्याने माझ्याकडून शिकून घेतले. तो आकडे वहीत लिहितो आणि मला पाठवतो.

वाचकहो, आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना माझी विनंती आहे. मुलांना त्रास नको, म्हणून आपण दुखणे लपवतो. पण घरातील लहानांच्या नजरेतून काही सुटत नाही. ओझे कमी होत नाही, ते फक्त सर्वांत लहान खांद्यावर जाते. माझ्या भाच्याने ते तीन महिने वाहिले. औषध परवडत नसेल, संपत आले असेल, त्याने पायावर सूज येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा स्वस्त किंवा वेगळा पर्याय निघतो. आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या मोडल्या की औषध एकदम सुटू शकते. काही गोळ्या अचानक बंद केल्या तर रक्तदाब उसळतो.

आणि जे सांभाळ करणारे आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा. पाहताना झडती घेतल्यासारखे करू नये, शेजारी बसून सहज मोजावे. लांबच्या प्रवासाआधी मुक्कामाचे दिवस आणि गोळ्यांची संख्या यांचा हिशेब कागदावर मांडावा. आणि त्या मुलीचे वाक्य लक्षात ठेवावे. जे हट्टी वाटते, ते पुष्कळदा घाबरलेले असते.

आई जूनअखेर परत आली. आता रविवारी फोन तिकडून येतो. भाचा आधी आजीशी बोलतो, मग मला विचारतो, “आत्या, तुझे आकडे किती?” पहिल्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. दीड वर्षात मी स्वतःचा रक्तदाब मोजलाच नव्हता. आता मोजते.