नजर आणेवारी

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस, चार्ल्स स्ट्रीटवरच्या झाडांना पालवीचा मागमूसही नसताना आणि अंगावरच्या दोन-दोन लोकरी कपड्यांना न जुमानता वारा हाडांपर्यंत पोचत असताना, मी जाड पुठ्ठ्याची एक वही आणि दोन पेन्सिली घेऊन बाल्टिमोरच्या होमवुड मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लॅक्रॉसचा संघ हंगामापूर्वी परक्या संघाशी जो सराव-सामना खेळतो तो पाहून, पहिल्या खऱ्या सामन्यात कोणते दहा गडी मैदानात उतरतील याचा अदमास त्या वहीत नोंदवून ठेवतो. पेन्सिलच का, असे शेजारी बसणारे कधीकधी विचारतात. अंदाज पेन्सिलीने लिहावा आणि निकाल शाईने, ही शिस्त मला वडिलांकडून मिळाली, आणि वडिलांना ती सरकारी दफ्तराने लावली होती.

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तलाठी होते. पर्जन्यछायेतला तो मुलूख; पाऊस आला तर आला, नाही तर नाही. भाद्रपद सरता सरता गावोगावच्या बाजरीची नजर आणेवारी करायची वेळ येई. नव्या पिढीला हा शब्द परका वाटेल, म्हणून सांगतो. रुपयाचे सोळा आणे धरून, उभे पीक केवळ डोळ्यांनी पाहून, यंदा ते किती आणे येईल हे कागदावर मांडायचे. पुढे कापणी-मळणी झाल्यावर तो आकडा दुरुस्त व्हायचा, आणि अखेरच्या आकड्यावर त्या गावाचा सारा वसूल व्हायचा की तहकूब व्हायचा हे ठरायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना अण्णांच्या मागोमाग बांधाबांधाने हिंडलो आहे. ते बाजरीचे एक कणीस खुडत, तळहातावर चोळत, फुंकर मारून भुसा उडवत, आणि तळव्यावर उरलेल्या दाण्यांतला एखादा दाताखाली धरून पाहत. मग काही न बोलता वीस पावले पुढे जाऊन दुसरे कणीस खुडत. त्या फुंकरीचा आवाज आणि नाकात जाणारी ती बारीक कूस माझ्या स्मरणात अजून ताजी आहे.

मी १९७६ साली या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीकाराच्या कामावर रुजू झालो. तो हिवाळा असा दारुण होता, की चेसापीकचा उपसागर गोठून गेला होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी काम आटोपून खोलीकडे परतताना मैदानातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आत डोकावलो, तो जाळीदार काठ्या घेतलेली मुले एका छोट्या पांढऱ्या चेंडूमागे धावत होती. चेंडूला हाताचा स्पर्श नाही, पायाने खेळण्याचा हव्यास नाही. चेंडू जाळीत झोका घेत राही आणि मनगटाच्या एका हिसड्यात पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या जाळीत जाऊन विसावे. मी तिथे अंधार पडेपर्यंत उभा राहिलो.

पुढे ग्रंथालयातच या खेळाचे मूळ वाचले. हा खेळ होडेनोशोनी लोकांचा, ज्यांना आपण इरोक्वॉय म्हणून ओळखतो त्यांचा; हिकरीच्या लाकडाला वाफेने वाकवून ते काठी करीत आणि खेळाला विधात्याने दिलेले दान मानीत. माँट्रिआलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने १८६७ साली त्याचे नियम बांधले, आणि १८८३ पासून हॉपकिन्समध्ये तो खेळला जाऊ लागला. १९२८ साली ॲमस्टरडॅमला आणि १९३२ साली लॉस एंजेलिसला, ऑलिंपिकमधल्या प्रदर्शनी सामन्यांत अमेरिकेच्या वतीने याच विद्यापीठाचा संघ उतरला होता. क्रिकेटला मुंबईत जे स्थान आहे ते या खेळाला बाल्टिमोरमध्ये आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

दहा गडी: तीन आक्रमक, तीन मधले, तीन बचावाचे आणि एक गोलरक्षक. एवढ्याने संघाची यादी करणे सोपे वाटते. पण यादीतली दहा नावे आणि प्रत्यक्ष सामन्याचा भार वाहणारी माणसे यांत फार अंतर असते. मधल्या फळीत ज्याचे नाव पहिले लिहिले जाते तो पुष्कळदा फेस-ऑफपुरता असतो. दोघे गडी मध्यरेषेवर चेंडूशी ओणवे होऊन झटापट करतात, चेंडू मिळाला की त्याचे काम संपले, तो काही क्षणांत बाहेर येतो आणि खरा खेळणारा आत शिरतो. उलट, आखूड काठी घेऊन बचावाला उतरणारे मधले गडी प्रारंभीच्या यादीत कधीच दिसत नाहीत, पण आघाडी एका गोलाची उरली असता प्रशिक्षक सर्वांत आधी त्यांच्याकडे पाहतो. आक्रमणातल्या तिघांत एखादा डावखुरा असावा अशी बहुतेक प्रशिक्षकांची इच्छा असते. म्हणून तीन उत्तम उजवे असले, तरी तिसरा बसतो आणि त्याच्याहून थोडा उणा डावखुरा आत जातो. हे ज्याला ठाऊक नाही तो गोल मोजत बसतो, आणि त्याची यादी चुकते.

माझीही पहिली सात-आठ वर्षे चुकत गेली. जो दोन-तीन गोल करी त्याचे नाव मी ठळक अक्षरांत लिहीत असे. सराव-सामन्यात प्रशिक्षकाला जिंकायचे नसते, त्याला काही तपासून पाहायचे असते. तो दर पंधरा मिनिटांनी गोलरक्षक बदलतो, दुखऱ्या गुडघ्याच्या नामांकित गड्याला टोपी घालून कडेला उभा करतो, नवख्याला मुद्दाम बलाढ्य गड्यासमोर सोडतो. आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात परक्या संघाचे कच्चे गडी समोर आले असता झालेल्या गोलांचे मोल ते काय!

१९८४ च्या फेब्रुवारीत अण्णा इकडे आले होते. नोकरीतून मोकळे होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. कानटोपी, मफलर आणि माझा जुना ओव्हरकोट अशा वेषात ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. खेळ त्यांना अगदी अपरिचित. नियम मी सांगत होतो, ते मान डोलवीत होते. तासाभराने मी वही त्यांच्यापुढे धरून, तीन गोल केलेल्या मुलाचे नाव अभिमानाने दाखवले. त्यांनी वही पाहिली, मैदानाकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, तू रस्त्याकडचं पीक बघतोयस."

मग त्यांनी काठीधारी मुलांच्या त्या गर्दीतल्या एकाकडे बोट केले. "तो बघ. चेंडू गेला की हा माघारी धावतो. आणि बाकीचे बदली व्हायला निघतात ते आधी हा कुठाय ते बघून. तो जागेवर आला नाही, तर कुणी हलत नाही." मी पुढचा अर्धा तास चेंडू सोडून त्या मुलाकडेच पाहिले. जमिनीवर सुटलेल्या चेंडूवर चौघे तुटून पडत, आणि हा मागचा हात पार खाली नेऊन, काठी जमिनीलगत आडवी धरून, त्या घोळक्यातून अलगद पार होई. बाहेर येताना चेंडू त्याच्या जाळीत असे आणि मान वर, कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेले. गोल त्याच्या नावावर एकही नव्हता.

त्या संध्याकाळी, घरी चहा घेताना, अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. तोवर ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका गावची आणेवारी करताना दिवस कलला होता, ताप अंगात होता, आणि त्यांनी वाटेकडेची, विहिरीच्या ओलाव्यावरची चार शेते पाहून आकडा टाकला. आत माळावर बाजरी पोचट होती. वरिष्ठांनी आकडा उचलून धरला आणि त्या गावाचा सारा पुरा वसूल झाला. एका म्हाताऱ्याने सारा भरण्यासाठी बैल विकला. चावडीवर पैसे मोजून देताना तो एक शब्द बोलला नाही. "त्यानंतर मी वाटेवरचं कणीस कधी हातात घेतलं नाही," अण्णा म्हणाले. लहानपणी त्यांच्यामागून काट्याकुट्यांतून शेताच्या मध्यापर्यंत का चालावे लागे, याचा उलगडा मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बाल्टिमोरच्या एका भाड्याच्या स्वयंपाकघरात झाला.

मी यादीतले एक नाव खोडून त्या मुलाचे घातले. तो पहिल्या सामन्यात उतरला, आणि त्या वर्षी संघ चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला.

तेव्हापासून माझी पाहण्याची रीत बदलली. पहिल्या सत्रात मधल्या फळीतील कोणता तिघांचा गट कितीदा आत जातो ते मी रेघा ओढून मोजतो, कारण पहिली फळी समोरच्या पहिल्या फळीशी भिडते तेवढाच काळ खरा. गोलरक्षकांच्या बाबतीत अडवलेल्या फटक्यांची गणती मी करीतच नाही. डोळे मिटून आवाज ऐकतो. ज्याच्या हाकेसरशी बचावाचे तिघे एकदम सरकतात, तोच बहुधा फेब्रुवारीत जाळीपुढे उभा राहतो. कुणाला शिक्षा होऊन संघ एका गड्याने उणा पडला, की प्रशिक्षक कुणाला हाक मारतो ते पाहतो. त्या हाकेत सबंध शरद ऋतूच्या सरावाचा हिशेब असतो. आणि कडेला उभा असलेला जखमी गडी शिरस्त्राण हातात घेऊन उभा आहे की खिशात हात घालून, यावरून त्याला यादीत ठेवायचे की नाही हे ठरवतो. दहापैकी आठ नावे जुळली तर मी ते वर्ष चांगले समजतो. दहाची दहा जुळल्याचे वर्ष माझ्या वहीत एकच आहे, २००५; अठरा वर्षांच्या खंडानंतर विजेतेपद परत आले ते वर्ष.

अलीकडे हे काम अधिक बिकट झाले आहे. २०१८ पासून एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याची वाट नोंदणीने सुलभ झाल्यामुळे, चार वर्षे डोळ्यांसमोर वाढलेल्या मुलाऐवजी, गेल्या वर्षी दुसऱ्याच रंगाच्या सदऱ्यात खेळलेला प्रौढ गडी अचानक समोर येतो. शॉट क्लॉक आल्यापासून ऐंशी सेकंदांत फटका मारावाच लागतो, म्हणून सावकाश चेंडू खेळवणाऱ्या शहाण्या मधल्या गड्याची किंमत उतरली. याविषयी मला खंत वाटते आणि ती मी लपवीत नाही. २०२० च्या पानावर यादी आहे, पहिल्या सामन्याची शाईतली दुरुस्ती आहे, आणि पुढे १२ मार्च ही तारीख. त्या दिवशी महामारीमुळे सबंध देशातला हंगाम रद्द झाला. कापणीच झाली नाही असे ते एकच साल.

वहीच्या प्रत्येक पानाला मी उजवीकडे रुंद समास सोडतो. संघात चाळीस-पंचेचाळीस मुले असतात, यादीत दहा; समास उरलेल्यांसाठी. सराव-सामन्याच्या शेवटी, निकालाशी ज्याचा काहीएक संबंध नाही असे एखादे जादा सत्र खेळवतात, आणि तेव्हा ही मुले मैदानात येतात. पायऱ्या रिकाम्या झालेल्या असतात. एका वर्षी लाँग आयलंडहून पहाटे निघून, मोटार हाकत आलेली एक माता माझ्या खालच्या पायरीवर कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून तेवढ्याच पंधरा मिनिटांसाठी दिवसभर बसली होती. मी लिहितो आहे हे पाहून तिने मुलाचा क्रमांक सांगितला आणि संकोचून विचारले, याच्याविषयी काही लिहिले आहे का? लिहिले होते. दोन वर्षांपूर्वीच्या समासातही लिहिले होते: चेंडू हातचा गेल्यावर तो थांबत नाही. मी तिला त्या दोन्ही ओळी इंग्रजीत सांगितल्या. तो मुलगा चार वर्षांत एकदाही पहिल्या दहांत आला नाही. त्या दोन्ही ओळी मी नंतर शाईने गिरवल्या.

अण्णांना जाऊन आता तीस वर्षे होतील. माझे गुडघे पायऱ्या चढताना कुरकुर करतात, पण वरच्या रांगेत बसल्यावाचून मैदानाचा मध्य नीट दिसत नाही, म्हणून चढतो. मेरीलँड-व्हर्जिनियाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे, की जानेवारीअखेरीच्या एखाद्या शनिवारी जाड कोट घालून या मैदानावर यावे, आणि पंधरा मिनिटे तरी चेंडूकडे न पाहता खेळ पाहावा. मी उत्तरेच्या टोकाला, अगदी वर बसलेला असतो. यंदाच्या पानावर नऊ नावे झाली आहेत. गोलरक्षकाची ओळ अजून कोरी आहे.