आवडत्या लेखकाचे दुसरे पुस्तक

माणसांप्रमाणे पुस्तकांवरही जीव जडतो. आणि जेथे जीव जडलेला असतो, तेथे झालेली निराशा अधिक सलते.

वणा नदीकाठच्या हिंगणघाट गावी एक मुलगा राहत असे. वडील कापसाच्या बाजारात हमाली करीत. आई तो अगदी लहान असतानाच वारली होती. एके दिवशी शाळेच्या ग्रंथालयातून त्याने ‘श्यामची आई’ घरी आणले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक! आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. मुलगाही दिव्यापाशी बसून रोज एकच रात्र वाची. पुस्तक लवकर संपू नये, एवढीच त्याची इच्छा. अखेर श्यामची आई देवाघरी गेली, तेव्हा आपलीच आई दुसऱ्यांदा गेली, असे त्याला वाटले.

पुढे गुरुजींचीच ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी त्याच्या हाती आली. ती आई पुन्हा भेटेल, या आशेने त्याने अधीरतेने पाने उलटली. परंतु तेथे छात्रालयातील मुले होती, त्यांना घडविणारे स्वामी होते आणि देशसेवेविषयीची लांबलचक संभाषणे होती. अर्ध्यावरच त्याने पुस्तक मिटले. मग त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. ज्यांनी एवढे दिले, त्यांचे पुस्तक नावडावे, ही कृतघ्नता तर नव्हे?

पुस्तक परत करताना शिक्षकांनी विचारले, “कसे वाटले?”

“चांगले आहे, सर,” तो खाली मान घालून म्हणाला.

शिक्षक हसले. “नावडले असेल तर तसे सांगावे. त्याने लेखकाचा अपमान होत नाही. मात्र का नावडले, हे आधी आपल्या मनाला विचारावे.”

बराच वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, त्यात आई नाही.”

शिक्षक क्षणभर स्तब्ध झाले. मग त्याला जवळ बसवून म्हणाले, “श्याम मोठा झाला, बाळ. १९२४ ते १९३० पर्यंत गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते. छात्रालयातील मुलांना सांभाळीत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी आपल्या पवनारच्या विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरून घेतली. आईने जे दिले, ते आता ते इतरांना वाटीत होते. तू आईला शोधीत होतास; म्हणून ती मुले तुला दिसलीच नाहीत.”

मुलाने पुस्तक पुन्हा घरी नेले. लांब संभाषणांचा त्याला याही वेळी कंटाळा आला. काही पाने त्याने न वाचताच उलटली. पण आता तो कोणाला शोधीत नव्हता. समोर येतील त्या मुलांकडे पाहत होता. त्यांतील काही त्याला आपल्यासारखीच वाटली.

‘श्यामची आई’इतके ते पुस्तक त्याला कधीच आवडले नाही. परंतु ते परत करताना शिक्षकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने मान वर करून खरे उत्तर दिले.