रस्त्यावरची हिरवी फांदी

बालमित्रांनो, मी मूळची वसईची, पेशाने शिक्षिका. मिशनरी म्हणून दोन वर्षं मी आफ्रिकेतल्या युगांडा देशात राहिले. तिथल्या एका खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मी शिकवत असे.

राजधानी कंपालाहून मासाका गावाकडे निघालात, तर वाटेत चक्क विषुववृत्त लागतं! कायाब्वे इथे रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच असं पांढरं गोल कडं उभारलंय. तिथे मी एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिण गोलार्धात ठेवून उभी राहिले. आहे की नाही गंमत!

मोठा रस्ता सोडला की आमच्या खेड्याची वाट. माती लाल, अगदी कोकणासारखी. सायकलीवर हिरव्या केळ्यांचे घड लादलेले आणि मालक पायी सायकल ढकलतोय, हे तर रोजचंच दृश्य. मला आमची वसईची वाडी आठवायची. पण ही केळी हिरवीच सोलून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. त्यांना म्हणतात 'मटोके'. पिवळे डबे घेऊन पाण्याला निघालेली मुलं दिसत. भाड्याच्या मोटारसायकली, म्हणजे 'बोडा-बोडा', भुर्रकन जात. पूर्वी केनियाच्या सीमेवर सायकलवाले माणसांना पलीकडे पोचवत आणि 'बॉर्डर, बॉर्डर' असं ओरडत. त्यावरून हे नाव पडलं.

तिथे वर्षातून दोनदा पावसाळा येतो. मग ही लाल वाट साबणासारखी निसरडी होते. अशाच एका संध्याकाळी आम्ही जीपने परतत होतो. मागे शाळेची पाच मुलं बसली होती. अंधार पडू लागलेला. अचानक समोर रस्त्यात हिरव्या फांद्या दिसल्या. थोड्या अंतरावर आणखी फांद्या.

"म्पोला म्पोला!" ड्रायव्हरकाका पुटपुटले. म्हणजे हळूहळू. त्यांनी वेग कमी केला. वळण घेतलं, तर काय! केळ्यांनी भरलेला बंद पडलेला ट्रक, दिवा नाही की काही नाही. माझ्या तर अंगावर काटाच आला. फांद्या नसत्या तर?

काका म्हणाले, "फांदी म्हणजे पुढे धोका. इथे शाळेत न गेलेल्यालाही हे वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलो. ट्रक निघून गेला होता, फांद्या मात्र तशाच. काकांनी जीप थांबवली आणि एकेक फांदी उचलून कडेला टाकली. मी विचारलं, "आता कशाला?"

"सिस्टर, ट्रक गेल्यावर फांदी राहिली तर ती खोटं बोलते. दोनदा खोटं बोलली, तर तिसऱ्यांदा कोण थांबेल?"

मला आपले घाट आठवले. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला दगड लावतात, ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतो. रात्री कुणी मोटारसायकलवाला येतो...

मुलांनो, असा दगड दिसला तर स्वतः धावत रस्त्यात जाऊ नका हं! बरोबरच्या मोठ्या माणसांना सांगा. आणि मोठ्यांनो, तेवढं एक मिनिट थांबाल ना?