रोहितांच्या पाण्याखाली आजीचं गाव

हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहाटे हडपसर ओलांडलं, की सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या जोडीला आणखी एक जमात दिसू लागते. मागच्या सीटवर कानटोप्या घालून झोपलेली पोरं, पुढच्याच्या मांडीवर दुर्बिणीची पिशवी, पायाशी चहाचा थर्मास. यवत, पाटस, कुरकुंभ ही गावं अंधारातच मागे पडतात. या मंडळींना उजाडायच्या आत भिगवण गाठायचं असतं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, नीट पाहायचे तर कोवळं ऊन आणि वाऱ्याने न ढवळलेलं पाणी हवं. पुण्यापासून अंतर शंभरेक किलोमीटर. मुलांची झोप पुरी व्हावी आणि मोठ्यांची अर्धवट राहावी, एवढंच.

अशाच एका गाडीत एक आजी होत्या. साठी उलटलेल्या, पुण्यात लेकाकडे राहणाऱ्या. नात पाचवीत, नातू पहिलीत. पक्ष्यांशी आजींना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं माहेर भीमेच्या काठचं, पळसदेवच्या शेजारचं. ते गाव उजनी धरणात गेलं तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. घरात ही हकिकत 'आमचं गाव धरणात गेलं' या एका वाक्याच्या पुढे कधी सरकली नव्हती. पोरांच्या आईने सहलीचा बेत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी पाखरं बघा. मी पाणी बघते."

भिगवणच्या पुढे डावीकडे वळलं की ऊस आणि केळीतून जाणारा रस्ता कुंभारगावच्या काठाला पोचतो. समोर पलीकडचा काठ दिसू नये इतकं पाणी. पहिल्यांदा येणारी मुलं हमखास विचारतात, हा समुद्र आहे का? नातवानेही विचारलं.

समुद्र नाही, पण साठा थोडाथोडका नाही. भीमाशंकरला उगम पावलेल्या भीमेला माढा तालुक्यात उजनीजवळ अडवलं. साठच्या दशकात सुरू झालेलं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणू लागले. भरलं की साधारण ११७ टीएमसी पाणी. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे कालव्यात न जाणारं, तळाचं पाणी. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो राखेपर्यंत खालची गावं पाण्यातच राहतात. साठा त्याच्याही खाली उतरला की इकडची माणसं 'धरण मायनसमध्ये गेलं' म्हणतात आणि मग उन्हाळ्यात पाण्यातून एकेक वस्तू वर येऊ लागते: बांध, विहिरींचे कठडे, आणि पळसदेवचं जुनं पळसनाथाचं दगडी देऊळ. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असंच उघडं पडलं, आणि पाहायला माणसांची रीघ लागली. हिवाळ्यात मात्र तिथे पाणीच.

नावाडी पंचविशीतला. इथले बहुतेक नावाडी मासेमारी करणाऱ्या घरांतले. थंडीत पहाटे पाहुणे फिरवायचे आणि एरवी जाळी टाकायची. होडी काठापासून सुटली तसा त्याने पहिला प्रश्न पक्ष्यांबद्दल नाही, आजींना विचारला.

"मावशी, तुमचं माहेर हिकडचंच म्हना की. बोलन्यावरनं वाटतंय."

आजींनी गावाचं नाव सांगितलं. त्याने वल्ह्यानेच दिशा दाखवली. "त्या तिकडं. पानी उतरलं की आमची जाळी तितंच अडकत्यात. खाली भिती हायत अजून."

आजी त्या दिशेला बघत राहिल्या आणि मग, कोणी न विचारता, बोलायला लागल्या. होडीत बसलेल्यांना पुढचा तासभर दोन गोष्टी एकदम मिळाल्या. डाव्या कानाला नावाडी पक्षी सांगत होता आणि उजव्या कानाला आजी गाव सांगत होत्या.

पक्ष्यांची गोष्ट अशी. उथळ पाण्यात शेकडो रोहित उभे होते, चार-साडेचार फूट उंचीचे, गुलाबी काड्यांवर उभे केल्यासारखे. चोच उलटी करून ते पाणी आणि गाळ ओढतात आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ गाळून घेतात. या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी-केशरी झाक येते. पिल्लं करडी असतात आणि रंग चढायला वर्षं लागतात. त्यांची वीण कच्छच्या रणात. सालिम अली १९४५ मध्ये तिथल्या वसाहतीत गेले होते, तेव्हा त्यांनी तिथे लाखोंच्या संख्येत रोहित असल्याचा अंदाज बांधला होता. शेजारच्या चिखलात पट्टकदंब चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि सात हजार मीटरच्या वरही त्याची नोंद झालेली आहे. नातवंडांच्या हिशेबात सांगायचं तर विमानाने जावं तितक्या उंचीवरून तो पायउतार होतो ते थेट इंदापूर तालुक्यात. मधेच चित्रबलाकांची रांग उडाली. ते मात्र पाहुणे नाहीत, इथल्याच भादलवाडीच्या तलावावरची त्यांची वसाहत पक्षीप्रेमींमध्ये प्रसिद्ध आहे. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी तर इतके होते की नातवाने त्यांना मोजायचं सोडून दिलं.

आजींची गोष्ट अशी. त्यांच्या लहानपणी यातलं एकही पाखरू इथे नव्हतं, कारण एवढं पाणीच नव्हतं. उन्हाळ्यात भीमा बारीक व्हायची आणि वाळवंटात कलिंगडं, काकड्या लावायचे. नदीकाठच्या मळईच्या जमिनीत ज्वारी माणसापेक्षा उंच वाढायची. घरं धाब्याची. मग सरकारी माणसं येऊन भिंतींवर खुणा करून गेली. पाणी काही एका रात्रीत आलं नाही. एका पावसाळ्यात मळई बुडाली, पुढच्या पावसाळ्यात पाणघाट. त्या मधल्या काळात लोक घरं उतरवत होते. तुळया, चौकटी, दारं, जाती-पाटे, सगळं बैलगाड्यांत घालून वर माळावरच्या नव्या गावठाणात. "आमच्या घराला आजून तेच दार हाय," आजी म्हणाल्या, "फक्त घर दुसरं."

यावर नातीचा प्रश्न आला तो इतिहासाच्या पुस्तकात कधी येत नाही: "मग कुत्री-मांजरं?" कुत्री माणसांबरोबर वर आली, मांजरं आली नाहीत, आजी म्हणाल्या, ती पुन्हा पुन्हा जुन्या गावात पळायची. नातू म्हणाला, "आणि विहीर कशी नेली?" विहीर नेता येत नाही, हे त्याला पटवायला सगळ्यांना वेळ लागला.

घरच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात असं सगळेच म्हणतात, पण त्यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा एकमेकांना कसे भेटले, घरावर कोणती संकटं आली, असे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती ती सरासरीने अधिक आत्मविश्वासाची आढळली. उत्तरं घोकवून घेतली तर हा गुण येत नाही, हेही याच अभ्यासकांनी बजावलं आहे. ती ज्या गप्पांतून कळतात त्या गप्पांचं ते काम असतं. हे बजावणं बरं झालं. नाहीतर आपल्याकडे कुटुंबकथांचेही उन्हाळी वर्ग निघाले असते.

विस्थापनाची गोष्ट मुलांना सांगताना मोठे लोक दोन चुका करतात. एक तर ती गाळतात, किंवा तिचा रडका तमाशा करतात. आजींनी यातलं काही केलं नाही. धरण वाईट होतं का, असं नातीने सरळ विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. "पंढरपूरला पानी जातंय, सोलापूरला जातंय. ऊस बघितला ना येताना? त्यो ह्याच पान्यावर. आमाला मात्र जमिनीसाठी लई हेलपाटं पडलं." ही तक्रार पोकळ नाही. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला; उजनीचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं होतं. नंतर तो कायदा १९८६ आणि १९९९ मध्ये नव्याने लिहावा लागला, यावरून पहिल्याने काय साधलं असेल याचा अंदाज येतो.

ज्या उथळ चिखलावर रोहित चरतात तो चिखलही धरणाच्या कारभारातूनच येतो. पावसाळ्यानंतर कालव्यांना आणि नदीत पाणी सोडलं जातं, पातळी आठवड्या-आठवड्याने उतरते, काठचे सपाट पट्टे उघडे पडतात आणि त्यात पक्ष्यांचं अन्न असतं. म्हणून डिसेंबरपेक्षा जानेवारीनंतर पक्षी जास्त. म्हणजे आजींच्या मळईवरच आता पट्टकदंब चरतात, असं म्हणायला हरकत नाही. या पाण्यात आणखी एक भर पडते, तिच्याबद्दल पुणेकर पर्यटक सहसा बोलत नाहीत. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा इथे येते. पुण्याने नदीत जे सोडलं, तेच बघायला पुणेकर पेट्रोल जाळून येतात. जलपर्णीचे हिरवे गालिचे मुलांना छान वाटतात, नावाड्याला नाही.

परतताना होडी डिकसळच्या बाजूला वळली नाही, पण पोरांच्या बाबांना तिथला जुना दगडी पूल दाखवायचा होता, म्हणून मग गाडीने तिकडे गेले. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि अवघ्या पाच वर्षांत जीआयपी रेल्वेचे रूळ पुण्याहून डिकसळला येऊन पोचले; सोलापूर गाठायला १८६० उजाडलं. गंमत म्हणजे तेव्हा खुद्द बोरघाटात रूळ नव्हते. मुंबईहून आलेला प्रवासी घाटाखाली उतरायचा, पालखीतून किंवा पायी घाट चढायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचा. घाटाची लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. उजनीच्या फुगवट्यामुळे लोहमार्ग हलवावा लागला आणि रेल्वेचा जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीकडे आला. गाव हलतं तसा लोहमार्गही हलतो, ही कल्पना नातवाला फार आवडली. देवळाचं, विहिरीचं काय, हा प्रश्न त्याने पुन्हा काढला.

दुपारी आजींच्या भाच्याच्या रानात हुरडा होता. हिवाळ्यातली ही मुख्य मेजवानी; भिगवणची तळलेली चिलापी रस्त्यावर कधीही मिळते, हुरडा मात्र थंडीच्या मोजक्या आठवड्यांचा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम गरमच हातावर चोळायची, कूस फुंकून टाकायची आणि दाणे समोरच्याच्या तळहातावर. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही, बोरं. शहरी पोरांचे हात पहिल्या कणसाला भाजतात. दुसऱ्याला त्यांना आपोआप फुंकर मारता येते. भाचा सांगत होता की आता ज्वारी त्याच्याकडे हुरड्यापुरतीच राहिली आहे, बाकी सगळा ऊस.

तिथे इंदापूरचा विषय निघाला. इंदापूरच्या लढाईत शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे मारले गेले. सालाबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण गावात मालोजीराजांची गढी आहे. नात चौथीत शिवाजी महाराज शिकली होती, शहाजीराजे, जिजाबाई सगळे पाठ. महाराजांना आजोबा होते याचा तिने कधी विचार केला नव्हता. "मग मालोजीराजे त्यांना गोष्टी सांगायचे?" महाराजांच्या जन्माच्या आधीच ते गेले होते, असं कळल्यावर ती जरा वेळ गप्प बसली आणि मग आजीला म्हणाली, "तू मला उरलेलं आत्ताच सांग."

परतीच्या गाडीत, पाटसच्या अलीकडे, नातवाने सगळी गोष्ट आईला पुन्हा सांगितली. त्याच्या गोष्टीत आजीच्या गावात एक विहीर होती, तिच्यात गुलाबी पक्षी राहायचे, धरण आल्यावर मांजरांनी त्यांना हाकललं आणि म्हणून ते आता होडीजवळ उभे असतात.

आई हसू दाबत होती. आजींनी एकच दुरुस्ती केली.

"विहीर नव्हती रं ती. बारव होती. आत उतरायला पायऱ्या होत्या."

"किती?"

"मे महिन्यात पानी उतरलं की ये. मोजून सांग मला."

"सुट्टी असते मे महिन्यात," नात मागून म्हणाली, आणि बाबांनी पुण्यातल्या उन्हाळी शिबिराचे पैसे आधीच भरल्याचं सांगितल्यावर पाटसपासून लोणी काळभोरपर्यंत गाडीत त्यावरच भांडण चाललं.