कौल कोणाचा ?

आमच्या आजोळीं, कोंकणांत, एखादा बिकट प्रश्न उभा राहिला म्हणजे ग्रामदेवतेस कौल लावण्याची चाल होती. भिजविलेल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या व डाव्या अंगास चिकटवावयाच्या. उजवी अगोदर पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, असें समजावयाचें. इंग्रजी विद्येच्या तोऱ्यांत आम्हीं या चालीची पुष्कळ थट्टा केली. गेल्या वर्षीं वडील बहिणीच्या दुखण्यांत ती थट्टा आमच्यावरच उलटली.

आमची अक्का ६८ वर्षांची. जन्म प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत गेला. मधुमेह २० वर्षांचा सोबती. पुण्यांत पेठेंतल्या जुन्या घरीं दुसऱ्या मजल्यावर ती राहते. दोन वर्षें ती जिन्याच्या वळणावर थांबून शेजारणीशीं बोलत उभी राही, आणि आम्ही तिला गप्पांची हौस आहे असें समजत आलों. अखेर मनगटांतून नळी घालून हृदयाचें चित्र घेतलें, तेव्हां तिन्ही रक्तवाहिन्या जागोजाग अरुंद झालेल्या दिसल्या. डाव्या वाहिनीचें मूळ तेवढें शाबूत होतें व हृदयाची शक्तीही टिकून होती. डॉक्टरांनीं बायपासचा सल्ला दिला. मात्र घाई नाहीं, घरीं विचार करा, असेंही ते म्हणाले.

त्यानंतर चार रात्री आमच्या दिवाणखान्यांत सभा भरली. भाचा परदेशांतून दूरध्वनीवर हजर असे. आईची छाती न उघडतां स्टेंट बसवावेत, असें त्याचें मत. धाकटे बंधु औषधांच्या पक्षाचे. त्यांचा आधार २०२० सालीं प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास : दुखणें स्थिर असलेल्या ५००० हून अधिक रुग्णांत आधीं औषधांवर राहिलेल्यांपेक्षां लगेच स्टेंट वा शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत मृत्यु कमी झाले नव्हते.

आम्ही बायपासच्या बाजूचे. रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदानें १९६७ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें पायांतील शीर वापरून हृदयाच्या रक्तास वळणवाट करून दिली, तेव्हांपासून ही विद्या किती पुढें आली, हें आम्हीं सर्वांस ऐकविलें. मग २०१२ सालचा अभ्यास काढला. त्यांतील १९०० रुग्ण अक्काप्रमाणेंच मधुमेही व एकाहून अधिक वाहिन्या बिघडलेले. पांच वर्षांत स्टेंट बसविलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें १६ दगावले, बायपास झालेल्यांपैकीं ११. पक्षाघाताचा हिशेब मात्र उलटा : बायपासकडे ५, स्टेंटकडे २.

चौथ्या रात्रीं हे पांच आणि दोन चालले असतां अक्का स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली.

"अरे, हें गणित कोणाचें चाललें आहे ?"

आम्ही ओशाळलों. तिला बसवून सारें पहिल्यापासून सांगितलें : उरोस्थि चिरतात, तारांनीं पुन्हां बांधतात, तें हाड सांधावयास दोनतीन महिने लागतात, तोंवर जड उचलावयाचें नाहीं. पक्षाघाताची गोष्ट सांगतांना आमचा आवाज खालीं गेला. तिनें शांतपणें ऐकलें. मग म्हणाली, "इतकें सारें वाचलेंस, पण मला जिना न थांबतां चढतां येईल का, हें कोणी विचारलें का रे ?"

कोणीं विचारलें नव्हतें. विशेष म्हणजे बंधूंच्या त्या अभ्यासांतच उत्तराचा एक भाग होता. ज्यांस छातीच्या कळांचा वारंवार त्रास होता, त्यांचा त्रास स्टेंट वा शस्त्रक्रियेनंतर अधिक कमी झाला, असें त्यांत नमूद आहे. आम्हीं दोघांनींही तें वाचलें होतें. पण वाद मरणाविषयीं असल्यामुळें तिच्या जगण्याविषयींचें तें वाक्य आमच्या उपयोगाचें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं तिनें स्वतः डॉक्टरांस विचारलें. बहुधा चढतां येईल, हमी नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. "तर मग करूं या," असें म्हणून तिनें संमतिपत्रावर सही केली.

त्या रात्रीं आम्हांस कोंकणांतला तो देव आठवला. आम्हां तिघांचेंही अक्कावर प्रेम आहे, यांत शंका नाहीं. परंतु उद्यां कांहीं विपरीत घडलें तर दोष आपल्या माथीं येऊं नये, ही भीतीही तितकीच खरी होती. आंकडे मार्ग दाखवितात. त्यांवांचून आम्ही अंधारांतच चांचपडलों असतों. परंतु आम्ही त्यांच्याकडून मार्ग मागत नव्हतों, कौल मागत होतों. निर्णय त्यांनीं द्यावा आणि आम्ही मोकळे व्हावें, एवढाच हेतु. गांवकरी निदान ज्याचें संकट त्यालाच देवापुढें उभें करीत. आम्हीं तीस स्वयंपाकघरांत ठेवलें होतें.

शस्त्रक्रियेस आतां आठ महिने झाले. ती सुखरूप पार पडली म्हणून निर्णय योग्य ठरतो, असें आम्ही म्हणत नाहीं. ती फसली असती तरी निर्णय ज्याचा त्यानेंच घेतला होता, एवढें समाधान उरलें असतें.

परवां अक्काबरोबर जिना चढत असतां ती वळणावर थांबली व शेजारणीशीं बोलूं लागली. या खेपेस आम्हीं कांहीं समजून घेतलें नाहीं, तिला विचारलें.