सहस्रधारेवरील जलक्रीडा

महेश्वरास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी प्रथम अहिल्याबाईंचे देवघर पाहतो, मग घाट उतरून नर्मदेत स्नान करतो, आणि बरोबर स्त्रीवर्ग असल्यास उरलेला दिवस लुगड्यांच्या दुकानी काढतो. आमचाही क्रम याहून निराळा नव्हता. तिसरे प्रहरी सहस्रधारेस जाणे झाले ते केवळ आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या आग्रहामुळे. त्यांनी पूर्वी नर्मदेची परिक्रमा केलेली. तेव्हा त्या स्थळाचे पुन्हा दर्शन घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. बरोबर चौदा वर्षांची आमची पुतणी शरयू होती.

गावाखाली नदीच्या ओघाने थोडे पुढे गेले की, इतका वेळ संथ वाहणारी नर्मदा एकाएकी काळ्या खडकांच्या पसाऱ्यात शिरते आणि तिच्या अगणित धारा होतात. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य अर्जुन याने आपल्या सहस्र बाहूंनी हिला अडविले व त्या बाहूंमधून जे पाणी निसटले त्या या धारा, अशी कथा आहे. आम्ही मनात ही कथा घोळवीत खडकांवर पोचलो, तो समोर निराळेच दृश्य. धावत्या पाण्यावर आडव्या तारा ताणल्या होत्या आणि त्यांवरून रंगीत पट्ट्यांचे दांडे जोडीजोडीने लोंबत होते. त्यांमधून दहाबारा मुलेमुली निमुळत्या नावांत बसून मासोळ्यांसारखी सळसळत होती.

हा कनू-स्लॅलम नावाचा खेळ. बर्फावरून घसरण्याच्या शर्यतीवरून स्वित्झर्लंडमध्ये १९३३ साली तो निघाला. दांड्यांची एक जोडी म्हणजे एक दार. हिरवे दार ओघाबरोबर उतरावयाचे, तांबडे ओघाच्या उलट चढून जावयाचे. स्पर्धेत अशी १८ ते २५ दारे असतात व निष्णात खेळाडू ती दीड मिनिटाच्या आसपास पार करतो. दांड्यास स्पर्श झाला तर २ सेकंद दंड. दार चुकले तर ५०, म्हणजे खेळ आटोपलाच. महेश्वरच्या या खडकांस कारागिराचा हात न लागताच असा मार्ग तयार आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ युवक स्पर्धांतील स्लॅलम येथेच झाले.

त्या दिवशी मात्र घड्याळ बाजूस ठेवले होते. शिक्षक खडकावर उभे राहून एकामागून एक विक्षिप्त फर्माने काढीत होते. प्रथम सर्वांनी पाठमोरे जावे. (पूर्वी स्पर्धेतच काही दारे अशी पाठमोरी ओलांडावी लागत, तो नियम गेला, गंमत राहिली.) मग प्रत्येक दारात एक पुरी गिरकी. त्यानंतर वल्ही काठावर ठेवून नुसत्या तळहातांनी पाणी सारीत जाणे! एका पोराने खालच्या डोहात आपले वल्हे दारापलीकडे भिरकावले, स्वतः हातांनी दारातून गेला आणि ते उचलून विजयी मुद्रेने सभोवार पाहू लागला.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते शेवटल्या फर्मानाचे. सहा दारे कमीत कमी वल्ह्यांत पार करावयाची. एका केवटाच्या मुलीने पहिल्या खेपेस एकतीस वल्ही मारली, दुसऱ्या खेपेस एकोणीस. एवढी वल्ही वाचली कोठे? शिक्षकांनी खडकांकडे बोट दाखविले. प्रत्येक खडकाच्या पाठीशी पाणी उलटे फिरून वरच्या अंगास जाते. नावेचे नाक नेमके त्या रेषेवर घातले की नदीच नावेस तांबड्या दारातून वर ओढून नेते. अंगात जोर असणारा पोरगा हे कधीच शिकत नाही, कारण त्याला गरज पडत नाही. म्हणून त्याचे वल्हे काढून घ्यावे लागते. शिवाय वर ओंकारेश्वरास धरण आहे. तेथून पाणी किती सुटते त्यावर येथले खडक उघडे पडतात अथवा बुडतात. कालची वाट आज पाठ म्हणून उपयोग नाही.

इतक्यात ती मुलगी नावेसह उलटी झाली. आत्याबाई किंचाळल्या. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी कृष्णेच्या डोहात गेला. तेव्हापासून आमच्या घरातील मुलांनी नदीत उतरू नये असा निर्बंध आहे. क्षणार्धात कमरेला हिसका देऊन ती वर आली, ती हसतच. हे मुद्दामच होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात चार नावा उंच फळीवरून एकदम पाण्यात लोटण्याची नवी शर्यत सुरू झाली. तीत प्रत्येकाने वाटेत एकदा पालथे होऊन वर यावेच लागते.

आत्याबाईंचा धीर परत आला तो रागाच्या रूपाने. “अहो, आम्ही परिक्रमेत मैया एकदाही ओलांडली नाही. आणि ही पोरे तिला शंभरदा ओलांडतात, वर हा धांगडधिंगा!”

शिक्षकांनी नम्रपणे विचारले, “माताजी, सहस्रार्जुनाने येथे नदी अडविली, ती कशासाठी?”

आत्याबाई गप्प झाल्या. त्यांना उत्तर ठाऊक होते. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. आपल्या बाहूंत बळ किती ते पाहावे अशी लहर त्यास आली, एवढेच कारण. मग त्या स्वतःच खडकावर बसून मुलांना पुढील कथा सांगू लागल्या: पाणी तुंबून मागे कसे चढले, रावणाने शिवपूजेस मांडलेली फुले त्यात कशी वाहून गेली, आणि भांडावयास आलेला दशानन कसा बंदिवान झाला. मुले ओल्या अंगाने भोवती बसली होती.

शरयूने ही संधी साधली. तिने नावेत बसण्याची परवानगी मागितली. पोहता येते का, हा शिक्षकांचा पहिला प्रश्न. येते, शाळेच्या तलावात दोन वर्षे झाली, असे ती म्हणाली. ही वार्ता आम्हांस ठाऊक होती, आत्याबाईंस नव्हती. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले. आम्ही नदीकडे पाहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “संथ पाण्यातच. आणि ते टोपडे घट्ट बांधा.”

शिरस्त्राण व तरंगते जाकीट चढवून शरयू डोहात उतरली. वल्हे दिलेच नाही, तळहातांनीच जावयाचे. नाव आधी डावीकडे फिरली, मग उजवीकडे, मग दाराकडे पाठ करून स्वस्थ राहिली. आत्याबाई उठून पाण्याच्या कडेशी गेल्या होत्या. पदराचे टोक त्यांच्या मुठीत होते. अखेर नाव वळली, हळूहळू दारात शिरली, आणि डावा दांडा शरयूच्या खांद्यास किंचित लागून हलला.

“लागला, लागला!” आत्याबाई ओरडल्या. “दोन सेकंद!”